पलीकडच्या हॉलात मामा

मामाच्या निरोपाला सगळे वेळेवर आले, फक्त मामा नव्हता.

याला आळस म्हणता येणार नाही. मामाने देहदान केलं होतं आणि मेडिकल कॉलेजची गाडी त्याला दवाखान्यातूनच घेऊन गेली होती. मामीने लोकांनी बोट दाखवलं तिथे तिथे सह्या केल्या, आणि सह्यांच्या गडबडीत चेहरा नीट बघायचा राहून गेला. वळून बघितलं तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती. तेव्हापासून ती रडली नव्हती. कोणी जवळ घेतलं की पाठ ताठ करून उभी राहायची, बसच्या रांगेत उभी असल्यासारखी.

"रडायला समोर कोणीतरी लागतं रे," ती भाच्याला म्हणाली होती. "मी कोणाकडे बघून रडू? चादरीकडे?"

समोर कोणीतरी आणायचं काम भाच्याकडे होतं. मामाच्या दुरुस्तीच्या दुकानात तो कॉलेज सुटल्यापासून होता. आधी फुकट, मग पगारावर, मग मामाच्या मते मालक असल्यासारखा. शेवटच्या आठवड्यात मामाने मामीला खाली चहाला पाठवून, खाटेवर बसून, फोनसमोर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं आणि ते भाच्याच्या हवाली केलं होतं.

"निरोपगृहात लाव. दुसऱ्या हॉलात, आपल्या सिस्टीमवर," मामा म्हणाला. "आणि तू आधी बघायचं नाहीस. तिच्यासाठी आहे."

"दुसऱ्या हॉलची सिस्टीम अजून चालूच झालेली नाही, मामा."

"मग कर की. डॉक्टर म्हणतात, महिनाभर आहे अजून."

डॉक्टरांचा अंदाज चुकला. आयुष्यात पहिल्यांदाच मामा एखाद्या कामातून वेळेआधी मोकळा झाला.

निरोपगृह म्हणजे शोकसभांसाठी भाड्याने मिळणारी जागा, आणि तिथल्या टीव्हींचं काम मामानेच घेतलेलं होतं. दोन हॉल, मधे सरकती लाकडी भिंत. प्रत्येक हॉलात एक मोठा टीव्ही आणि टीव्हीच्या पाठीला चिकटवलेला एक बोर्ड. बोर्ड म्हणजे तळहातावर मावेल एवढा अख्खा संगणक. गेलेल्या माणसाचे फोटो, नाव, एखादं आवडतं गाणं, एवढं दाखवायचं त्याचं काम. अडचण अशी की या बोर्डाचं सगळं सामान एका नखाएवढ्या कार्डावर असतं, आणि टीव्हीच्या पाठीमागच्या गरमीने कार्डं मरत होती. एकदा एका निवृत्त हेडमास्तरांच्या निरोपात मधेच कार्ड गेलं आणि हेडमास्तरांच्या जागी 'नो सिग्नल' अशी अक्षरं आली. कोणाच्या लक्षात आलं नाही. लोक त्या अक्षरांकडे बघून बराच वेळ रडत राहिले, आणि एक माजी विद्यार्थी तर त्यांना उद्देशून बोललासुद्धा.

तेव्हा मामाने ठरवलं, कार्डच नको. ऑफिसच्या कपाटात एक सर्व्हर ठेवायचा. बोर्डाला वीज मिळाली की तो नेटवर्कच्या वायरीतून विचारणार, मी कोण, माझं सामान कुठे? सर्व्हर त्याला त्याचा फोल्डर दाखवणार, आणि बोर्ड तोच फोल्डर आपला समजून कामाला लागणार. त्या फोल्डरला मामा घर म्हणायचा. बोर्ड टीव्हीच्या मागे, घर कपाटात, मधे वायर.

"घरजावई आहे तो," मामा निरोपगृहाच्या व्यवस्थापकाला समजावून सांगायचा. "अंगातला शर्टसुद्धा सासरचा."

व्यवस्थापक स्वतः सासऱ्यांच्या घरी राहत होता. त्याला हे फार लवकर समजलं.

या पद्धतीत नियम एकच होता आणि तो मामाने भाच्याला इतक्या वेळा ऐकवला होता की झोपेतून उठवलं तरी त्याने म्हणून दाखवला असता: एका बोर्डाला एक घर. दोन बोर्ड एका घरात घुसवले तर दोघं एकाच पाटीवर एकाच वेळी लिहायला जातात, एकाचं दुसरा पुसतो, आणि थोड्या वेळाने दोघांपैकी एक खुळा होतो. कोणता, ते आधी सांगता येत नाही. लग्नासारखंच आहे, असं मामा म्हणायचा, पण मामी दुकानात नसताना.

पहिल्या हॉलचं घर बांधून झालं. दुसऱ्याचं चालू असताना मामाला दम लागला आणि तो दवाखान्यात गेला.

आणि आता सकाळी, दुसऱ्या हॉलात, भाचा स्टुलावर उभा राहून टीव्हीच्या मागे हात घालत होता. वीज दिली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायच्या, आणि एका ओळीशी येऊन गपकन थांबायच्या. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तीच ओळ.

समोर खुर्च्यांवर नातेवाईक बसले होते. बघायला दुसरं काही नसल्यामुळे ते या ओळीच बघत होते. मागच्या रांगेतल्या एका चुलतआजीने तर डोळेही पुसले.

"काय म्हणतोय तो?" धाकट्या मामाने विचारलं. मामाचा हा सख्खा भाऊ. पहाटेपासून खुर्च्या लावण्यापासून फुलं आणण्यापर्यंत सगळं त्याने केलं होतं आणि त्याचा राग आता कोणावर तरी निघायचा होता.

"घर सापडत नाही म्हणतोय."

"दादानेच बांधलंय ना? मग कसं सापडेल." धाकटा मामा खुर्चीत मागे रेलला. "बाल्कनीची जाळी अर्धी. पाण्याची मोटर अर्धी. माझ्या लग्नाचं शूटिंग केलं होतं, तेही अर्धं. त्यात मी लग्नाला निघालोय. अजून पोचलेलो नाही."

कोणीतरी नाकातून हसलं आणि मग खोकल्यासारखं केलं.

"तू सरळ लॅपटॉप लाव रे," धाकटा मामा म्हणाला. "लोकांना कामं आहेत."

"नको," मामी म्हणाली. ती पहिल्या रांगेत एकटीच बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. "लॅपटॉप नको, भाऊजी. ह्यांनी केलंय तेच चालू होऊ दे. नाहीतर उद्यापासून तुम्ही सगळ्यांना हेच सांगत फिराल, की दादाने स्वतःचा निरोपसुद्धा अर्धाच ठेवला."

धाकट्या मामाने रेललेली पाठ सरळ केली. तो खरोखर तेच सांगणार होता.

भाचा ऑफिसात गेला. सर्व्हरच्या कपाटात वरच्या फळीवर व्यवस्थापकाचा डबा आणि छत्री होती, खालच्या फळीवर मामाचं सगळं शहाणपण. त्याने दुसऱ्या हॉलचं घर उघडून बघितलं. मामाने पहिल्या घराची कॉपी करायला घेतली होती आणि कॉपी मधेच थांबलेली होती. दारं होती, खिडक्या होत्या, जिना नव्हता. पुन्हा कॉपी लावली तर तासभर तरी गेला असता.

"तुमचा हॉल तासाभराने दुसऱ्यांना दिलाय," दारातून व्यवस्थापक म्हणाला. रबरी तळव्याचे बूट घालून तो चालायचा, त्यामुळे कुठेही अचानक उगवायचा. त्या धंद्यात ते सोयीचं होतं. "पहिला पण भरलाय. एका आजींचं आहे. खूप माणसं आलीत."

भाचा पडद्याकडे बघत उभा राहिला. मामीच्या मांडीवरची पर्स त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. दुसऱ्या बोर्डाला घराचा पत्ता देणारी एक ओळ होती आणि त्या ओळीच्या शेवटी दोनचा आकडा होता. त्याने तो खोडला आणि एक लिहिला.

नियम त्याला माहीत होता. पण दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, असं तो स्वतःला म्हणाला. दहा मिनिटांत कोण खुळं होतंय?

दुसऱ्या हॉलात परत येऊन त्याने वीज दिली. पांढऱ्या ओळी पुन्हा वर सरकल्या, त्या ओळीशी आल्या, आणि थांबल्या नाहीत. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग करडी फुलं आली. निरोपगृह कार्यक्रमाआधी दाखवतं ती. खुर्च्यांमधून एक सुस्कारा गेला. मामीने पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवली.

"झालं बघ," ती धाकट्या मामाला म्हणाली. तिला 'बघा' म्हणायचं होतं, पण दिराचं तिकडे लक्ष नव्हतं.

भाच्याने आता लॅपटॉपवरून मामाची फिल्म दुसऱ्या हॉलच्या घरात, बोर्ड ज्यातलं आपोआप दाखवतो त्या 'आज' नावाच्या फोल्डरमध्ये टाकली. म्हणजे त्याला तसं वाटलं. हात सवयीने चालले. दुसऱ्या हॉलात बसून दुसऱ्या हॉलच्या बोर्डाला दिलं म्हणजे ते दुसऱ्या हॉलचंच. पण दुसऱ्या हॉलला घर नव्हतंच. होतं ते पहिल्याचं, आणि त्यात आता दोन बिऱ्हाडं नांदत होती.

करडी फुलं गेली आणि मामा आला.

दवाखान्याची खाट, निळा शर्ट, वरचं बटण चुकीच्या काजात. फोन बहुतेक पाण्याच्या बाटलीला टेकवलेला होता, कारण मामा जरा तिरका दिसत होता. त्याने कॅमेऱ्यात बघितलं, मग कॅमेऱ्याच्या थोडं वर बघितलं, मग घसा साफ केला.

"हं. ऐकतेस ना?"

मामीने मान हलवली.

"मी बोलायला लागलो की तू मधे तोडतेस. आता तोडता येणार नाही, म्हणून हिंमत करतोय."

हॉलात दोघंतिघं हसली. मामी हसली नाही. ती खुर्चीच्या अगदी कडेला सरकून बसली होती.

"आवाज घुमतोय जरा," धाकटा मामा भाच्याच्या कानाशी म्हणाला.

"हॉलच तसा आहे," भाचा म्हणाला, आणि म्हणता म्हणता मधल्या भिंतीकडे वळला. आवाज घुमत नव्हता. आवाज लाकडी भिंतीपलीकडून येत होता, अर्ध्या शब्दाने मागे.

"मला पहिल्यापासून सांगायचं होतं," पडद्यावरचा मामा म्हणाला. "तू रागावलीस ना, की ते बाथरूमचं दार—"

आणि मामा थांबला. तोंड उघडं, एक हात हवेत, पापण्या अर्ध्यावर. दोन बोर्डांपैकी खुळा व्हायचा तो हा ठरला होता. भाचा स्टुलाकडे धावला, पण बोर्ड ना कळ ऐकत होता ना शिवी.

हॉल एकदम शांत झाला. आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून मामा स्पष्ट म्हणाला, "आपटायचीस."

पलीकडच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला की बाई जे करते तेच मामीने केलं. ती उठली आणि पलीकडे गेली. पर्ससुद्धा घेतली नाही.

पहिला हॉल गच्च भरला होता. बायका, पुरुष, मांडीवर झोपलेली पोरं, मागे भिंतीला टेकून उभे असलेले लोक. सगळे पांढऱ्याकरड्या कपड्यांत, सगळे मामाकडे बघत. कोणीही उठलं नव्हतं, कोणी ओरडलं नव्हतं. अशा ठिकाणी अनोळखी माणूस बोलायला लागला तर त्याला अडवत नाहीत. आजींचं कोणीतरी असेल, लांबचं, असं प्रत्येकाने दुसऱ्याच्या भरवशावर गृहीत धरलं होतं. फक्त पहिल्या रांगेत आजींची मुलगी वडिलांच्या कानाशी वाकली होती.

"बाबा, हे कोण?"

"गप्प बस. ऐकू दे," म्हातारे म्हणाले. त्यांनी चेहऱ्यावरून एकदा हात फिरवला. एकाच वेळी दुःख आणि संशय असलं की चेहऱ्याला कुठे जायचं ते कळत नाही.

"त्या दाराच्या बिजागरीला मी दर रविवारी तेल घालायचो," मामा सांगत होता. "तुला वाटायचं, करकर थांबावी म्हणून. नाही गं. पुढच्या वेळी तुला नीट आपटता यावं म्हणून. अडकणारं दार आपटलं की माणसाला समाधान मिळत नाही."

म्हाताऱ्यांशेजारी एक खुर्ची रिकामी होती. मामी जाऊन तीत बसली. मुलीने तिच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, मग पाय आत घेऊन तिला नीट बसायला जागा करून दिली. भाचा दारातच उभा राहिला. आत जाऊन बोर्ड बंद करावा, माफी मागावी, व्यवस्थापकाला बोलवावं, हे सगळं त्याच्या पायांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मामीने न वळता एक हात मागे केला, पंजा उघडा. लहानपणी तो तिच्या स्वयंपाकघरात पळत यायचा तेव्हा गरम कढईपासून लांब ठेवायला ती असाच हात करायची.

"आता कामांचं," मामा म्हणाला आणि दम घ्यायला थांबला. बाटलीतलं पाणी प्यायला गेला तेव्हा चित्र आडवं झालं, कारण फोन त्या बाटलीलाच टेकवलेला होता. थोडा वेळ सगळ्यांनी दवाखान्याचं छत बघितलं. मग तो पुन्हा तिरका उभा राहिला. "लोक म्हणतात, हा काही पुरं करत नाही. सगळ्यात जास्त कोण म्हणतं ते मी सांगत नाही, तो शेजारीच बसला असेल. तर खरं सांगतो. मला पुरं करता यायचं. पुरं केलं की तू म्हणायचीस, झालं, छान झालं. आणि विषय संपायचा. अर्धं ठेवलं की तू रोज विचारायचीस, कधी करणार? सकाळी विचारायचीस, जेवताना विचारायचीस, दिवा मालवल्यावरही विचारायचीस. मला ते विचारलेलं आवडायचं. तेवढ्यासाठी बाल्कनीची जाळी इतकी वर्षं तशी आहे. तू मला इतकं दुसऱ्या कशाबद्दल कधी विचारलं नाहीस."

मामीच्या तोंडून एक आवाज आला. आधी छोटा, मग मोठा, मग तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खांदे हलायला लागले. त्या हॉलात रडणारी ती एकटी नव्हती, त्यामुळे कोणी चमकलं नाही. इथे कोणासाठी रडता, असं तिथे कोणी विचारत नाही. मुलीने रुमाल पुढे केला. मागच्या रांगेतली एक बाई, जिने मामाला आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, तीसुद्धा रडत होती. तिच्या घरी बहुधा अशीच एखादी जाळी असावी.

"बाकी काही नाही," मामा म्हणाला. "म्हणजे पुष्कळ आहे, पण तू जिन्यात आलीस, चप्पल वाजतेय. बंद करतो." त्याने हात पुढे केला. हात मोठा होत होत पडदाभर झाला, आणि मग काहीच उरलं नाही.

मग पडद्यावर आजी आल्या. चष्मा, पांढरे केस, कडेवर कोणाचं तरी पोर, आणि फोटो काढणाऱ्यावर थोड्याशा वैतागलेल्या.

म्हातारे बराच वेळ आजींकडे बघत राहिले. मग मामीकडे वळले.

"तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको," मामी रुमालातून म्हणाली. "चुकून इकडे लागलं. आमचं पलीकडे आहे. तुम्हाला त्रास झाला."

"बायको," म्हातारे म्हणाले, आणि त्यांनी सोडलेला श्वास भाच्याला दारापर्यंत ऐकू आला. "बरं झालं बाई, आलात. मघापासून मी हिशोब करत होतो, हा निळा शर्ट आमच्या घरी कधी येऊन गेला. बेचाळीस वर्षांचा संसार मी पाच मिनिटांत तपासून काढला."

"बाबा," मुलगी म्हणाली.

"आमच्याकडेही दार आपटायचं," म्हातारे मामीला म्हणाले. "पण मी आपटायचो. ती तेल घालायची की नाही, ते आता कोणाला विचारू?"

मामीने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मग पडद्यावरच्या आजींकडे तिने पहिल्यांदा नीट बघितलं.

"घालत असतील," ती म्हणाली. "चेहऱ्यावरून वाटतं."

दुसऱ्या हॉलात ती परत आली तेव्हा मामा तसाच होता. तोंड उघडं, हात हवेत. नातेवाईक त्याच्यासमोर शहाण्या मुलांसारखे बसले होते. काय करायचं ते न कळल्यामुळे कोणी काहीच केलं नव्हतं. भिंतीतून त्यांनीही सगळं ऐकलं होतं. धाकटा मामा खाली मान घालून बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या बुटांना नाडी नव्हती.

व्यवस्थापक रबरी बुटांनी मामीच्या बाजूला उगवला. "पुढचे लोक बाहेर आलेत. घाई नाही, पण..."

"वहिनी, मी करतो बंद," धाकटा मामा म्हणाला.

"नको, भाऊजी." ती टीव्हीपाशी गेली. भाच्याने स्टूल बाजूला घेतलं. माफी मागायची म्हणून त्याने तोंड उघडलं, पण ती त्याच्याकडे बघत नव्हती, मामाकडे बघत होती. वरचं चुकलेलं बटण तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होतं. तिचा हात आपोआप तिथे गेला, काचेला लागला आणि थांबला. दवाखान्यात राहून गेलेलं बघणं तिने तिथे उभं राहून पूर्ण केलं. कोणी घाई केली नाही. व्यवस्थापकाने घड्याळ बांधलेला हात पाठीमागे नेला.

"हे असं मधेच बंद केलं तर बिघडेल का रे?" तिने विचारलं.

"नाही," भाचा म्हणाला. "याच्यात काही नसतंच, मामी. सगळं पलीकडे असतं."

"नक्की ना?"

"नक्की."

तिने वायर हातात घेतली, हवेतल्या त्या हाताकडे बघून "बरं, येते," म्हणाली, आणि प्लग ओढला.

मग ती पहिल्या हॉलात परत गेली, कारण आजींचं अजून व्हायचं होतं आणि अर्ध्यातून उठणं तिला बरं वाटेना. एकेक करत बाकीचेही तिच्या मागून गेले. धाकटा मामा सगळ्यात शेवटी निघाला, दोन्ही हातांत दोन दोन खुर्च्या घेऊन, कारण पलीकडे बसायला जागा नव्हती.